जोगुळ आणि सोळा ट्रॅक

पाळण्याचं गाणं किती लांबवायचं, हे गाणारणीच्या हातात नसतं. ते बाळाच्या हातात असतं, आणि बाळापेक्षाही जास्त भोवती जमलेल्या बायकांच्या. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात. आधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्याखालून द्यायचा, वरून घ्यायचा, आणि मग तसंच बाळ. कुणी फोटोसाठी मान वळवून उभी राहते, बाळ मधेच दूध ओकतं, थोरल्या जाऊबाई अजून स्वयंपाकघरातून हात पुसत येत असतात. तोवर गाणं चालू राहिलं पाहिजे. बाळाची पाठ गादीला टेकली की त्याच क्षणी गाणं समेवर यायला हवं, म्हणजे ठेक्याची पहिली ठाम थाप पडायला हवी. मग आत्यानं कानात नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. हे जिला साधतं तिला सोलापुरात बारशाची बोलावणी येतात. सुंदरम्माला ती वर्षानुवर्षं येत होती.

सुंदरम्मा ही गुरुशांत चनशेट्टीची थोरली बहीण. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावात तिला दिली होती, जिथं घरात कानडी आणि बाजारात मराठी चालते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. ती सोलापुरात, बाळीवेशीतल्या माहेरी परत आली, आणि त्याच साली आईही गेली. गुरुशांत तेव्हा चड्डीत होता. त्याला न्हाऊ घालणं, शाळेत पोचवणं, तापात उशाशी बसणं हे सगळं अक्कानं त्याला ‘तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत केलं. मठातल्या जुन्या पेटीवर त्याची बोटं पहिल्यांदा ठेवली तीही तिनंच. विधवा बाईनं पाळण्यापाशी गावं का, म्हणून सुरुवातीला काही घरांतून नाकं मुरडली गेली. पण तिचा कानडी जोगुळ, म्हणजे अंगाई, ज्यांनी एकदा ऐकला त्यांनी पुढच्या बारशाला स्वतःहून रिक्षा पाठवली. स्वतःच्या घरात पाळणा कधी बांधला गेला नाही अशी ती बाई दुसऱ्यांच्या पाळण्यापाशी उभी राहून ‘जो’ म्हणायची.

तिच्याबरोबर पेटीवर गुरुशांत आणि ढोलकीला कुंभारीचा महिपती. महिपती दिवसा टॉवेलच्या कारखान्यात आणि सुट्टीला ढोलकीवर. वाजवताना तो स्वतःच्या हातांकडं कधी बघायचा नाही, अक्काकडंही बघायचा नाही. तो पाळण्याकडं बघायचा. बाळ कुणाच्या हातात अडकलं की त्याची थाप बारीक व्हायची, इतकी की ढोलकी श्वास घेतेय असं वाटावं. अक्का तो ‘जो’ लांबवत न्यायची, आणि पाठ गादीला टेकली की दोघं एकदम खाली उतरायचे. हे दोघांनी कधी बोलून ठरवलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं.

गुरुशांतचा पोटापाण्याचा धंदा वेगळा. सात रस्त्याजवळ त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. यंत्र म्हटलं की हा माणूस विरघळतो. बिघडलेल्या मिक्सरशी तो बायकोपेक्षा प्रेमानं बोलतो, असं त्याची बायको महेश्वरी सगळ्यांसमोर सांगते आणि तो ते खोडून काढत नाही. म्हणून पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं गाशा गुंडाळला आणि त्याचं जपानी वर्कस्टेशन गुरुशांतच्या घरी येऊन पडलं, तेव्हा पुढचे चार महिने महेश्वरीला नवरा जेवणाच्या ताटावरच दिसायचा.

वर्कस्टेशन दिसायला कीबोर्डच, पण पोटात अख्खं बिऱ्हाड. सनई त्यात, बासरी त्यात, व्हायोलिनांचा ताफा त्यात. सोळा ट्रॅक, म्हणजे एकावर एक सोळा वाद्यं चढवून ठेवायची आणि बटण दाबलं की सगळी एकदम वाजणार. अक्काचं वय वाढलं तसा तिचा सूर खाली येत चालला होता. पेटीवर त्यासाठी गुरुशांतला बोटांची सगळी मांडणी बदलावी लागायची. इथं एक बटण दाबलं की तीच बोटं, तेच गाणं, आणि सूर अक्काला हवा तिथं. यंत्र दमत नाही, कुणावर रुसत नाही, लग्नसराईत गावी जात नाही, पाव्हण्यांकडून तंबाखू मागत नाही. आता या यंत्राला उगाच नावं ठेवायची नाहीत. गुरुशांतसारख्या एकट्या माणसाच्या दहा बोटांना त्यानं ताफ्याचं बळ दिलं, आणि ते खोटं नव्हतं.

खोड्याही होत्या. उचलताना कंबर धरायची. मांडवात ऊन आलं की त्याच्या पडद्यावरचं एक अक्षर दिसायचं नाही, मग डोक्यावर टॉवेल घेऊन आत डोकवायचं. वीज नुसती लुकलुकली तरी ते बंद पडायचं आणि परत जागं व्हायला इतका वेळ घ्यायचं की पाव्हणे चहा पिऊन यायचे. नवं गाणं जपून ठेवलं नसेल तर तेही गेलं. पण गुरुशांतला खरी खुपली ती ढोलकी. जपान्यांनी त्यात जगभरचे ढोल-ताशे कोंबले होते, ढोलकी म्हणून जे काही होतं ते मात्र तेलाचा रिकामा डबा बडवल्यासारखं वाजायचं.

त्यावरही त्या यंत्रात उपाय होता. बाहेरचा कुठलाही आवाज माइकमधून आत घ्यायचा आणि हव्या त्या पट्टीवर बसवायचा. गुरुशांतनं एका रविवारी सकाळी महिपतीला ढोलकी घेऊन घरी बोलावलं.

“एक एक थाप वेगळी मार,” तो म्हणाला. “मधी हात उचलायचा.”

“का रं? सगळ्या मिळून मारल्या तर भांडतील का त्या?” महिपतीनं विचारलं.

“मशिनला सुटी थाप लागती.”

महिपतीनं सुट्या थापा मारल्या. घे हलका, घे जोरात, ना काठावरचा, तिं, आणि तो लांब ओढलेला घुमारा. प्रत्येक थाप दहादहा वेळा. मधे अक्कानं उप्पीट केलं, ते त्यानं दोनदा मागून खाल्लं. दुपारपर्यंत सगळं आत बसलं. गुरुशांतनं चार पट्ट्या दाबल्या आणि खोलीत ढोलकी वाजली. महिपतीनं मांडीवरच्या ढोलकीकडं बघितलं, मग यंत्राकडं.

“आरं, ह्यो तर माझाच हात की,” तो म्हणाला आणि हसायला लागला. त्यानं एक बोट पुढं करून भीतभीत पट्टी दाबली, परत दाबली. जाताना ते अक्कालाही वाजवून दाखवलं.

त्यानंतर तो फारसा कुठल्या बारशाला दिसला नाही. गुरुशांत काही कपटी माणूस नाही, हे इथं सांगायलाच हवं. त्यानं ठरवून काही केलं नाही. एका बारशाला यजमानांचा फ्लॅट लहान होता, म्हणून महिपतीला सांगितलं नाही. दुसऱ्याला रिक्षात यंत्र आणि अक्का बसल्यावर जागा उरली नाही. तिसऱ्या वेळी कारण शोधायचीही गरज पडली नाही. महिपतीनं दोन वेळा फोन करून ‘पुढल्या आयतवारी काय हाय का?’ असं विचारलं, गुरुशांतनं दोन्ही वेळा ‘बघतो की’ म्हटलं, आणि मग फोन यायचा थांबला. गुरुशांतला तेव्हा हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणं त्याला आज आठवतं आणि मान खाली जाते.

अक्कानं सुरुवातीला एक-दोनदा विचारलं, “महिपती कुटं हाय?” गुरुशांतनं यंत्राकडं बोट दाखवलं. “हितंच हाय की, आत.” तिला ते गमतीचं वाटलं असावं. ती हसली.

पण गाताना हसू येईना. तिला सवय अशी की पाळण्याकडं बघत ओळ ताणायची, आणि ढोलकी आपल्या पायाशी बसून राहील अशी खात्री असायची. यंत्रातली ढोलकी बसून राहीना. तीच थाप, तोच घुमारा, सगळं महिपतीचं, आणि तरी ती अक्काला मागं सोडून पुढं निघून जायची. अक्का धावत जाऊन तिला गाठायची, तोवर बाळ अजून पाळण्याखालीच असायचं.

त्याच हंगामात अकलूजला एका डेअरीवाल्याच्या घरी बारसं होतं. ऐन जोगुळात वीज गेली. यंत्र मेलं. गुरुशांत टेबलाखाली शिरला आणि वायरी चाचपायला लागला. वरती अक्का गातच होती. ना ढोलकी, ना सूर, नुसता तिचा आवाज. तिनं तो ‘जो’ धरला, पाळणा बघत बघत लांबवला, बाळानं अंग ताणलं तिथं थोडी थांबली, आणि पाठ टेकली तेव्हा खाली आली. घरातल्या म्हाताऱ्या बाईनं पदरानं डोळे पुसले. गुरुशांतला यातलं काही दिसलं नाही, तो टेबलाखाली होता. आणि जे ऐकू आलं त्यातून त्यानं धडा घेतला तो एवढाच, की दुसऱ्याच दिवशी एक यूपीएस विकत घेतला. वीज गेली तरी यंत्र थांबता कामा नये.

मग सात रस्त्यावरच्या एका हॉलमधलं बारसं आलं. यजमान बडे, माणसं दोनशेच्या वर, व्हिडिओवाला. गुरुशांतनं सोळाच्या सोळा ट्रॅक भरून ठेवले होते, व्हायोलिनांसकट. अक्का दुसऱ्याच कडव्याला मागं राहिली. त्यानं बटण दाबून सगळं बंद केलं आणि तिच्याकडं वळला. समोरचा माइक चालू होता हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

“अक्का, सोळा मात्रा हायत हितं. तू कुटं थांबलीस? मशिन काय तुझी वाट बघत बसंल व्हय?”

हॉलभर ऐकू गेलं. काही लोक हसले. लोक अशा वेळेला हसतातच, त्यांचा काही दोष नाही. अक्कानं पदर सारखा केला. ज्या पोराला तिनं मांडीवर बसवून पेटी दाखवली, त्याच्याकडं ती मान वर करून बघत होती. “व्हय तम्मा, चुकलं,” ती म्हणाली. “पयल्यापासून घे.”

घरी आल्यावर गुरुशांत माफी मागेल असं महेश्वरीला वाटलं होतं. त्यानं मागितली नाही. उलट अक्कासाठी हेडफोन आणला.

आणि अक्का शिकली. ही बाई चिवट, हे तिच्या बाबतीत कुणालाही विचारा. सकाळी पूजा झाली की हेडफोन लावून बसायची. कानात यंत्राचं टिकटिक, आणि डाव्या हाताचं बोट मांडीवर. एक, दोन, तीन, चार. ज्वारी निवडताना मोजायची, भाकरी थापताना मोजायची. कुणी बोलायला गेलं तर बोट न थांबवता मानेनं खुणावायची, बस, येते. साठी कधीच उलटून गेलेली बाई शाळेतल्या मुलीसारखी परीक्षेला बसली होती, आणि परीक्षक होता तिचा धाकटा भाऊ. पहिल्या वर्षी ती चुकायची. मग कमी चुकायला लागली. पुढं पुढं तर गाताना ती पाळण्याकडं बघायचीच थांबली. डोळे मिटून घ्यायची, कारण बघितलं की मोजणं चुकायचं.

गुरुशांतचा ऊर भरून यायचा. लोकही वाहवा करायचे. “तुमची अक्का म्हणजे मोबाइलवर गाणं लावल्यासारखं वाटतं,” असं एका यजमानानं म्हटलं तेव्हा त्यानं ते चार ठिकाणी सांगितलं. बाळ मधेच अडलं तर आता गुरुशांत माइकवरून बायकांनाच हाकायचा. “ताई, घ्या लौकर, पुढल्या थापेला बाळ खाली पायजे.” आणि बायकाही हसत हसत घाई करायला लागल्या. अख्खं बारसं यंत्राच्या मागून पळायला लागलं आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. जिथं जाणं जमायचं नाही तिथं गुरुशांत अख्खं गाणं पेनड्राइव्हवर भरून पाठवायचा. अशी काही वर्षं गेली.

मग गुरुशांतची मुलगी धनलक्ष्मी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. धनलक्ष्मी पुण्यात कंपनीत आहे, सरळ बोलते, बापाचं यंत्राचं वेड लहानपणापासून बघत आलीय. बारशाचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, “अप्पा, जोगुळ आत्याचाच पाहिजे. पण पूर्वीसारखा. ती बाळासाठी थांबायची, तसा.”

“थांबल की,” गुरुशांत म्हणाला. “सोय करतो.”

आठवडाभर तो दुकान लवकर बंद करून यंत्रापुढं बसला. त्याला वाटलं होतं, यंत्रात सगळं आहे तर हेही असेल. आणि होतंही, एका अर्थानं. पायाखाली एक पेडल जोडलं की तो तुकडा परत परत वाजत राहायचा, पाय उचलेपर्यंत. पण तो थांबायचा तो पुऱ्या चार मात्रांनी. बाळ अर्ध्या मात्रेत खाली टेकलं तर उरलेल्या साडेतीन मात्रा उपऱ्यासारखं उभं राहायचं. मग त्यानं बटण फिरवून लय सावकाश करून बघितली. पेटी घरंगळत जिन्यावरून उतरावी तसं काहीतरी वाजलं. मग त्यानं महिपतीच्या थापा एक एक करून ऐकल्या. घे, घे, घे. दहाच्या दहा सारख्या. महिपती प्रत्यक्ष वाजवायचा तेव्हा दोन घे कधी सारखे नसायचे, कारण मधे पाळणा हललेला असायचा. थापा सगळ्या आत आल्या होत्या. महिपतीचे डोळे काही आत आले नव्हते. आपण त्या रविवारी काय घेतलं आणि काय बाहेर टाकलं, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. त्यानं यंत्राची पिन काढली आणि तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो स्कूटर काढून कुंभारीला गेला. वाटेत काय बोलायचं ते त्यानं घोकून ठेवलं होतं. मित्रा, चुकलं माझं. एवढंच म्हणायचं होतं, पण सगळ्या रस्त्यानं ते त्याच्या जिभेवर बसेना.

महिपती कामगारांच्या घरकुलात राहतो. कारखाना बंद पडल्यापासून एका इमारतीवर वॉचमन आहे. बायको उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तिनं गुरुशांतला ओळखलं, पाणी दिलं आणि परत विड्या वळायला बसली. महिपती आतून आला. केस सगळे पांढरे झाले होते. गुरुशांतनं नातीचं बारसं सांगितलं, आणि ढोलकीला येशील का म्हणून विचारलं.

“मी कशाला?” महिपती म्हणाला. “माझा हात हाय की तुझ्या त्या मशिनमधी.”

त्यात राग नव्हता. राग असता तर गुरुशांतला बरं वाटलं असतं. महिपती भिंतीला टेकून बसला.

“मागल्या साली हितं समाजमंदिरात बारसं हुतं. तू न्हवतास, तुझा त्यो पेनड्राइव लावला हुता त्यांनी. मी भायेर हुबा हुतो. माझीच थाप. आत प्वार रडत हुतं, बायका थांबल्या हुत्या, आन माझी थाप आपली चालली म्होरं. लई लाज वाटली बघ मला. म्हटलं, लोक म्हनत आसतील, ह्यो कोन आडदांड वाजवतोय, पोराकडं बघतबी न्हाय.”

बोलायची वेळ हीच होती. गुरुशांतनं ग्लास खाली ठेवला. “मग येतोस न्हवं?” एवढंच त्याच्या तोंडून आलं.

“धनू माझ्यापुढं रांगलेली हाय,” महिपती म्हणाला. “येतो की.”

अक्काला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा खुलला. लगेच उठून तिनं महिपतीला आवडते म्हणून शेंगाचटणीसाठी शेंगदाणे भाजायला घेतले. मग कढई हलवता हलवता तिनं विचारलं, “मशिन न्हाय म्हणतोस? मग मोजायचं कुणी?” गुरुशांत हसला. म्हणाला, मोजायचं नाही अक्का, पूर्वीसारखं म्हणायचं. तिनं मान हलवली. एवढी वर्षं बरोबर गायलेल्या माणसांना तालीम कसली, असं गुरुशांतला वाटलं. तालीम घेतली असती तर निदान आधी कळलं असतं.

बारशाच्या दिवशी घर माणसांनी भरून गेलं होतं. यंत्र आतल्या खोलीत चादर टाकून ठेवलेलं. गुरुशांत कितीतरी वर्षांनी साध्या पेटीवर बसला, त्याच्या एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला महिपती. महिपतीनं ढोलकीची दोरी ओढली आणि एक घुमारा काढला. हा आवाज गुरुशांतनं रोज ऐकला होता आणि तरी ऐकलेला नव्हता.

अक्कानं सुरुवात केली. आवाज थोडा कापरा झाला होता, पण गोडवा तोच. वरवंटा खालून गेला, वरून आला. महिपतीचे डोळे पाळण्यावर. मग बाळ हातात घेतलं गेलं. एका बाजूनं खाली, दुसऱ्या बाजूनं वर. तिसऱ्या फेरीला धनलक्ष्मीच्या सासूबाईंच्या गळ्यातली माळ बाळानं मुठीत घट्ट पकडली. सोडेना. बायका थांबल्या, हसल्या, कुणी मूठ उघडायला गेलं.

महिपतीची थाप बारीक झाली. अगदी तशीच, पूर्वीसारखी. ढोलकी पाळण्यापाशी जाऊन बसली आणि वाट बघायला लागली. गुरुशांतनं पेटीचा सूर धरून ठेवला. आता अक्का तो ‘जो’ ताणणार, असं म्हणून त्यानं तिच्याकडं बघितलं.

अक्काचे डोळे मिटलेले होते. तिचं बोट मांडीवर चाललं होतं. एक, दोन, तीन, चार. ती ‘जो’वर थांबली नाही. चार मोजून पुढच्या ओळीवर गेली, चार मोजून त्याच्या पुढच्या. टिकटिक आता कानात नव्हती, तिच्या आतच चालली होती, आणि थांबायचं तर ती विसरूनच गेली होती. बाळाची मूठ अजून माळेवर होती तेव्हा अक्का समेवर आली, नेमकी, लखलखीत, आणि गाणं संपलं. महिपतीचा हात हवेत राहिला. मग त्यानं मागून एक मऊ थाप कशीबशी टाकून दिली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. माळ सुटली, बाळ पाळण्यात ठेवलं गेलं, गाण्यावाचूनच. बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, धपाटे पडले, पेढे फिरायला लागले. धनलक्ष्मीनं मात्र बापाकडं एकदा बघितलं आणि बाळाची कुंची सारखी करायला वाकली.

अक्कानं डोळे उघडले. तोंडावर घाम होता आणि समाधान होतं. “बघ तम्मा,” ती गुरुशांतला म्हणाली, “मशिन न्हवतं तरी एक मात्रा हुकू दिली न्हाय.”

“व्हय अक्का,” गुरुशांत म्हणाला. “बराबर आलं.”

मग ती महिपतीकडं वळली. तिच्या आवाजात रागावणं नव्हतं, मोठ्या बहिणीची काळजी होती. “तू मागं राहिलास रे आज. लई वर्षं वाजवलं न्हाईस, त्यानं झालं. पाळण्याकडं बघू नको, मोजत जा.”

महिपती ढोलकीची दोरी सैल करत होता. त्यानं मान वर केली नाही.

“व्हय अक्का,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

गुरुशांत दोघांच्या मधे बसला होता. पेटीचा भाता त्यानं बंद केला, परत उघडला, परत बंद केला.